वेंगुर्ल्याचे खडक आणि कळसदर्शन



जोतिबाच्या डोंगराशी ज्याचे नाते आहे अशा माणसाने समुद्राची गोष्ट सांगावी, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. वाडी रत्नागिरी समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंच. येथून पन्हाळा दिसतो, पंचगंगेचे खोरे दिसते, उसाचे मळे दिसतात. समुद्र काही दिसत नाही. परंतु आमच्या या घाटमाथ्याचा समुद्राशी असलेला संबंध फार जुना आहे. कोल्हापुरास आगगाडी आली ती १८९१ साली. तोपर्यंत या मुलखातला माल आणि माणूस मुंबईस जावयाचा तर पुष्कळदा घाट उतरून कोकणातल्या बंदरांवर जाई, आणि तेथे गलबतात किंवा आगबोटीत बसे. बेळगावच्या व्यापाराचे तर वेंगुर्ले हेच मुख्य बंदर होते. तेव्हा वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातील काही खडकांची हकीकत कोल्हापूरकराने सांगितली, तर ती अगदीच परक्या प्रांताची ठरू नये.

आजचा विषय आहे बेटांची सफर आणि त्या सफरीत जवळून दिसणारे वन्य प्राणी. हल्ली सुटी लागली की मध्यमवर्गीय कुटुंबे मालवण, तारकर्ली, निवती, वेंगुर्ले या बाजूस जातात, होडीत बसतात, डॉल्फिन पाहतात आणि आनंदाने परत येतात. या हौसेस नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मनुष्याला प्राणी जवळून पाहावासा वाटतो, ही गोष्ट फार जुनी आणि फार स्वाभाविक आहे. पण ‘जवळून’ या शब्दाचा अर्थ निरनिराळ्या काळी निरनिराळा झाला आहे, आणि त्या प्रत्येक अर्थाची किंमत प्राण्यांना द्यावी लागली आहे. तो इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

प्रथम ते खडक पाहू. वेंगुर्ल्याच्या वायव्येस, किनाऱ्यापासून काही मैल आत, लहानमोठ्या खडकांचा एक पुंजका समुद्रातून वर आलेला आहे. इंग्रज दर्यावर्दींच्या नकाशांत त्यांस वेंगुर्ल्याचे खडक किंवा ‘जळकी बेटे’ अशा अर्थाचे नाव दिलेले आढळते. शाळेच्या भिंतीवरील नकाशात ते शोधू जाल तर सापडणार नाहीत. माशी बसली तर त्यांच्यासह निम्मा सिंधुदुर्ग जिल्हा झाकला जाईल. रात्रीच्या वेळी जहाजांना मात्र हे खडक मोठे भयाचे. म्हणून १८७०च्या सुमारास त्यांच्यापैकी एकावर दीपस्तंभ उभारण्यात आला, व पुढे शेजारच्या दुसऱ्या खडकावर नवा दीपस्तंभ झाला. माणसाला हे स्थान टाळावयाचे ठिकाण म्हणून माहीत होते. पक्ष्यांना ते त्याच कारणासाठी प्रिय होते. जेथे मनुष्य नाही, मांजर नाही, कोल्हा नाही, तेथे अंडे उघड्यावर ठेवले तरी चालते.

येथे दोन प्रकारच्या पक्ष्यांची वस्ती मुख्य आहे. एक सुरय. पांढुरक्या-करड्या अंगाचा, लांब टोकदार पंखांचा आणि दुभागलेल्या शेपटीचा हा समुद्रपक्षी वर्षातील बराच काळ पाण्यावर काढतो आणि विणीच्या हंगामात थव्याथव्यांनी अशा खडकांवर उतरतो. त्याच्या कित्येक जाती घरटे म्हणून काही बांधीतच नाहीत. खडकाच्या खोबणीत किंवा सरळ उघड्या भूमीवर अंडे घातले की संसार मांडला. दुसरा पक्षी म्हणजे पाकोळी. ही चिमणीहूनही लहान, काळसर, आणि फांदीवर बसण्यास असमर्थ. तिचे पाय केवळ खडकास लोंबकळण्यापुरते. समुद्राच्या लाटांनी पोखरलेल्या अंधाऱ्या गुहांत ती शेकड्यांनी राहते. त्या अंधारात ती वाट कशी काढते, हे ऐकण्यासारखे आहे. उडताना ती तोंडाने टकटक असा आवाज करते, आणि भिंतीवरून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून भिंत किती दूर आहे हे ओळखते. वटवाघूळ जी विद्या जाणते, तीच ही चिमुकली आपल्या परीने जाणते.

पाकोळीचे घरटेही तितकेच अद्भुत. विणीच्या दिवसांत तिच्या लाळेच्या ग्रंथी वाढतात, आणि त्या चिकट लाळेत पिसे, शेवाळ व काड्या कालवून ती खडकाच्या भिंतीवर अर्ध्या वाटीच्या आकाराचे घरटे चिकटविते. लाळ वाळली की ती घट्ट होते. हे काम एका दिवसाचे नव्हे. त्यास कित्येक आठवडे लागतात. त्यात दोन पांढरी अंडी. ज्या चैत्रात आमच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात आणि गुलालाने आकाश गुलाबी होते, त्याच सुमारास तिकडे अंधाऱ्या गुहेत पाकोळी आपल्या लाळेच्या वाटीत बसलेली असते. ही पाकोळी दक्षिण भारताच्या पश्चिमेकडील भागात व सिंहलद्वीपात सापडते. जगात इतरत्र तिची वस्ती नाही.

आता या खडकांवर आलेल्या एका प्रसिद्ध पाहुण्याकडे वळू. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपण शाळेत काँग्रेसच्या इतिहासात वाचले आहे. १८८५ सालच्या डिसेंबरात मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले, त्याचे हे एक प्रमुख प्रवर्तक. परंतु त्यापूर्वीची पंधरावीस वर्षे हिंदुस्थानातील पक्ष्यांचा सर्वांत मोठा अभ्यासक म्हणून ते जगास माहीत होते. ‘स्ट्रे फेदर्स’ म्हणजे ‘विखुरलेली पिसे’ नावाचे पक्षिविषयक नियतकालिक त्यांनी स्वतः चालविले. सरकारी नोकरीत शेतकी व महसूल खात्याचे सचिव असताना, कामाच्या निमित्ताने जेथे जेथे जाणे होई तेथील पक्षी गोळा करण्याचा त्यांनी सपाटा लावला होता.

१८७३ साली ह्यूमसाहेब अंदमान-निकोबारच्या सफरीस गेले. बरोबर स्टोलिक्झका व व्हॅलेंटाइन बॉल यांच्यासारखे भूगर्भशास्त्रज्ञ होते. या सफरीच्या वर्षीच नारकोंडम नावाच्या इवल्याशा ज्वालामुखी बेटावरील धनेश पक्ष्याचे पहिले शास्त्रीय वर्णन ह्यूमसाहेबांनी प्रसिद्ध केले. हा धनेश पृथ्वीच्या पाठीवर त्या एका बेटावाचून अन्यत्र नाही. पुढे १८७५ साली सागरी सर्वेक्षण खात्याच्या ‘क्लाइड’ या जहाजातून ते पश्चिम किनारा व लक्षद्वीप यांच्या सफरीस निघाले. सरकारी कागदांत या फेरीचा उद्देश बेटे व दीपस्तंभ यांची पाहणी हा होता. पक्ष्यांची पाहणी हा साहेबांचा उद्देश. त्या फेरीत ते वेंगुर्ल्याच्या खडकांवर उतरले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये त्या सफरीचा विस्तृत वृत्तांत छापला. आपल्या किनाऱ्यावरील सागरी पक्ष्यांविषयीच्या अभ्यासाचा हा एक आद्य पाया होय.

ह्यूमसाहेब पक्षी जवळून पाहत, म्हणजे कसा पाहत? बंदुकीने पाडून, हातात घेऊन. यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. त्या काळी दुर्बिणी आजच्या इतक्या चांगल्या व सुलभ नव्हत्या. छायाचित्रण बाल्यावस्थेत होते. पंखाची लांबी किती, चोचीचा रंग कोणता, ही जात त्या जातीहून निराळी कशी, हे हातात घेतल्याशिवाय ठरत नसे. अशा रीतीने त्यांच्या संग्रहात पक्षी व अंडी मिळून सुमारे ८२,००० नमुने जमले. १८८५ साली, म्हणजे राष्ट्रसभेच्या जन्माच्याच वर्षी, हा संग्रह त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. याचे कारण मोठे हृदयद्रावक आहे. हिंदुस्थानातील पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे टिपणे केली होती. १८८४च्या सुमारास ते सिमल्याच्या घरी नसताना ते हस्तलिखित नोकराने बाजारात रद्दी म्हणून विकले. साहेबांचे मन पक्ष्यांवरून उडाले. थिऑसॉफीकडे वळल्यावर त्यांनी मांसाहार सोडला होता. वार्धक्यात इंग्लंडात त्यांनी वनस्पतींचा अभ्यास आरंभिला आणि १९१० साली दक्षिण लंडनमध्ये त्यासाठी एक संस्था स्थापिली. ज्याने आयुष्याचा उत्तम भाग पक्षी हातात घेण्यात घालविला, तो अखेरीस फुलापानांजवळ जाऊन बसला.

पण बंदूक घेऊन जवळ जाणाऱ्यांत शास्त्रज्ञ हे थोडे. केवळ भुकेने वा करमणुकीने जवळ जाणारे फार. बेटावरच्या प्राण्याची अडचण अशी की त्याने शत्रू पाहिलेला नसतो, म्हणून तो पळत नाही. चार्ल्स डार्विन १८३५ साली पॅसिफिक महासागरातील गालापागोस बेटांवर उतरला, तेव्हा तेथील पक्षी इतके निर्भय होते की झाडावर बसलेल्या ससाण्याला त्याने बंदुकीच्या नळीने ढकलून दूर केले. हा विश्वास वाचून आपणांस गंमत वाटते. मॉरिशस बेटावरील डोडो पक्ष्याचाही असाच विश्वास होता. त्याला उडता येत नव्हते, आणि पळण्याची बुद्धीही नव्हती. खलाशी उतरले, त्यांच्याबरोबर डुकरे व उंदीर उतरले, आणि शंभर वर्षांच्या आत तो पक्षी नाहीसा झाला. या कथेचा एक धागा आपल्या बाजूस येतो. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने सुरतेस दोन जिवंत डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले आहे, आणि मोगल दरबारातील चित्रकार उस्ताद मन्सूर याच्या नावे सांगितले जाणारे डोडोचे रंगीत चित्र आज रशियात आहे. दूरच्या बेटावरचा पक्षी जहाजात घालून राजेलोकांच्या डोळ्यांपुढे आणावयाचा, हा जवळून पाहण्याचा दुसरा प्रकार.

आमचे कोल्हापूरही यात मागे नव्हते. येथील संस्थानात शिकारी चित्ते पाळण्याची मोठी परंपरा होती. डोळ्यांवर टोपडे घातलेला चित्ता बैलगाडीतून काळविटांच्या कळपाजवळ नेत, टोपडे काढीत, आणि मग तो वाऱ्यासारखा सुटे. हा देखावा पाहावयास दूरदूरचे पाहुणे येत. पण देशी चित्ते दुर्मीळ झाले तेव्हा विसाव्या शतकात आफ्रिकेतून जहाजाने चित्ते आणावे लागले. हिंदुस्थानातील शेवटचे म्हणून समजले जाणारे तीन चित्ते १९४७ साली कोरिया संस्थानच्या जंगलात मारले गेले, आणि १९५२ साली हा प्राणी देशातून नष्ट झाल्याचे सरकारने जाहीर केले. पुढे सत्तर वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, नामिबियातून आठ चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. जो प्राणी आपण इतक्या जवळून पाहिला, तो पुन्हा पाहण्यासाठी समुद्रापलीकडे हात पसरावा लागला, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. त्याच कोल्हापूर संस्थानची दाजीपूरची राखीव शिकारीची रानेही होती. १९५८ साली तेथे गव्यांसाठी अभयारण्य झाले. महाराष्ट्रातील हे आद्य अभयारण्य होय. जेथे पूर्वी गवा नेम धरण्यासाठी राखला जात असे, तेथे तो त्याच्या स्वतःसाठी राखला जाऊ लागला.

हा पालट एकाएकी झाला नाही. त्याच्या मुळाशी काही संस्था व काही माणसे आहेत. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ गृहस्थांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. या आठांत दोन हिंदी होते व ते दोघेही आपले मराठी डॉक्टर: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पहिले म्हणजे प्रार्थना समाजाचे एक संस्थापक व मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचे बंधू. दुसरे म्हणजे वनस्पतींचे अभ्यासक व डॉ. रखमाबाई यांचे सावत्र वडील. समाजसुधारणेच्या इतिहासात आपण यांची नावे घेतो, परंतु पाखरे, साप आणि झाडेझुडपे यांचा पद्धतशीर अभ्यास या देशात रुजविण्यातही त्यांचा हात होता हे विसरतो.

याच सोसायटीच्या परंपरेत वाढलेले हुमायून अब्दुलअली यांनी १९४०च्या आसपास वेंगुर्ल्याच्या खडकांवर जाऊन तेथील सुरय व पाकोळ्या यांचे निरीक्षण केले आणि सोसायटीच्या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. ह्यूमसाहेबांच्या भेटीनंतर सुमारे साठपासष्ट वर्षांनी त्याच खडकांची शास्त्रीय विचारपूस पुन्हा झाली. अब्दुलअली यांचे महत्त्व एवढ्यावरच थांबत नाही. मुंबई राज्यात १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. पुढे १९७२ साली सबंध देशासाठी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. ज्यांनी पक्षी बारकाईने पाहिले, त्यांनाच प्रथम कळले की आता पाहण्यालाही काही मर्यादा घातली पाहिजे.

कायदा झाला तरी खडक समुद्रात एकटेच राहिले. पाकोळीच्या घरट्याला पूर्वेकडील देशांत, विशेषतः चिनी लोकांत, मोठी किंमत येते. त्याचे सूप करतात व ते शक्तिवर्धक मानतात. हा व्यापार जुना आहे, आणि पश्चिम किनाऱ्यावरील बेटांतून घरटी काढली जात असल्याचे एकोणिसाव्या शतकातील निसर्गाभ्यासकांना ठाऊक होते. या शतकाच्या आरंभी चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने वेंगुर्ल्याच्या खडकांतून घरटी चोरून नेली जातात ही गोष्ट उजेडात आणली, आणि वनखात्याच्या साहाय्याने त्या चोरीस आळा घालण्याचे काम हाती घेतले. घरटे काढले की पाकोळी दुसरे बांधते. तेही काढले तर पुन्हा बांधू पाहते. ज्या लाळेतून अंड्याचे रक्षण व्हावयाचे ती लाळ कोणाच्या तरी वाडग्यात जाते, आणि हंगाम सरून जातो. चोरीचे हे रूप उघड आहे व त्याचा निषेध करणे सोपे आहे. कठीण आहे ते पुढचे.

कारण जवळीक ही नेहमी लोभाचीच असते असे नाही. ती प्रेमाची असते, भक्तीचीही असते. याचे उदाहरण मी आमच्या डोंगरावरचेच देतो. जोतिबाचे सध्याचे देवालय १७३० साली राणोजी शिंदे यांनी बांधविले. देवाचे वाहन घोडा. तथापि देवळापुढे हत्ती झुलावा ही हौस आपल्या लोकांत सर्वत्र आहे. २००७ साली ‘सुंदर’ नावाचा एक लहान हत्ती देवस्थानास अर्पण झाला. त्या दानामागे श्रद्धा होती, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बालगोपाळांना हत्ती हाताच्या अंतरावर पाहावयास मिळाला, याचा आनंदही खरा होता. परंतु कळपात फिरणारे, दिवसातून मैलोगणती चालणारे, डुंबणारे ते जनावर साखळीने जखडलेले राहिले. त्याच्या हालांविषयी तक्रारी झाल्या, प्रकरण न्यायालयात गेले. २०१४ सालच्या एप्रिलात मुंबई उच्च न्यायालयाने त्यास दुसरीकडे हलविण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम राखला, आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये सुंदरला बंगळूरजवळील बन्नेरघट्टा येथे नेण्यात आले. तेथे इतर हत्तींची संगत आहे. या प्रकरणी डोंगरावर व गावात दोन मते होती. मी येथे कोणाची फिर्याद घेऊन आलो नाही. एवढेच म्हणतो की ज्याला आपण प्रेमाने जवळ आणले, त्यालाही ती जवळीक जड झाली. चोराच्या हातात घरटे जाणे आणि भक्ताच्या दारी हत्ती बांधला जाणे या नीतीच्या दृष्टीने अगदी भिन्न गोष्टी आहेत. पण प्राण्याच्या बाजूने पाहिले तर दोहोंत एक साम्य उरते: अंतर किती असावे, हे त्याला कोणी विचारले नाही.

आता आजच्या होडीकडे येऊ. होडीत बसलेल्या कुटुंबाच्या हातात बंदूक नाही, पिंजरा नाही, साखळी नाही. असते ते केवळ कुतूहल, आणि फार तर छायाचित्र घेण्याचे यंत्र. मग बिघडते कोठे? सुरयाचे उदाहरण घ्या. खडकावर माणूस उतरला की थव्याचा थवा आरडाओरडा करीत उठतो. पाहणाऱ्यास तो देखावा मोठा रमणीय वाटतो. पण ते पक्षी उठले म्हणजे खाली अंडी उघडी पडली. भर दुपारच्या उन्हात तापलेल्या खडकावर अंडे थोडा वेळ जरी सावलीवाचून राहिले तरी आतला जीव शिजून जातो. आणि जे उन्हातून वाचते त्याच्यासाठी घार-कावळे टपलेले असतातच. पाहुणा अर्ध्या तासाने संतोषाने होडीत बसतो. आपण एका अंड्यालाही हात लावला नाही, असे तो शपथेवर सांगेल, आणि ते खरेही असेल. डॉल्फिनचेही तसेच. हा प्राणी मासा नव्हे. त्याला श्वासासाठी वर यावे लागते. चारपाच होड्या यंत्रे घरघरवीत त्याच्या मागे लागल्या, तर तो पुन्हा पुन्हा बुडी मारतो, पिल्लू आणि आई यांची ताटातूट होण्याचा संभव असतो, आणि पाण्यात आवाजाच्या आधारे चालणारा त्याचा सारा व्यवहार त्या घरघरीत बुडून जातो.

ही चिंता काल्पनिक नव्हे. मालवणचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि त्यानंतर तेथील पर्यटन सारखे वाढत गेले. निवती-वेंगुर्ल्याच्या खडकांकडेही आता सर्वांचे लक्ष आहे. भारतीय नौदलातून २०२४ सालच्या जानेवारीत निवृत्त झालेली ‘गुलदार’ नावाची नौका निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळी बसवून तेथे पाण्याखालील संग्रहालय करण्याची योजना राज्य शासनाने हाती घेतली. गुलदार म्हणजे बिबट्या. कोकणातल्या तरुणांना त्यातून रोजगार मिळावा, ही इच्छा योग्यच आहे. मुंबईच्या चाळींत कोकण रिकामे झाले, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. पण या खडकांना आजवर त्यांच्या एकांताने राखले, हेही विसरून चालणार नाही. एकांत संपला की त्याच्या जागी नियम आला पाहिजे.

नियम चालू शकतो, याला पुरावा आहे. ज्या गालापागोस बेटांवर ससाण्याला बंदुकीच्या नळीने ढकलता येत होते, ती १९५९ साली इक्वेडोर देशाने राष्ट्रीय उद्यान म्हणून राखली. आज तेथे मोठ्या संख्येने प्रवासी जहाजांतून येतात. परंतु परवानाधारक मार्गदर्शकावाचून उद्यानात पाऊल टाकता येत नाही, आखलेली वाट सोडता येत नाही, आणि कोणत्याही प्राण्यापासून दोन मीटरच्या आत जाता येत नाही. परिणाम असा की तेथील पक्षी अद्यापि माणसाला भीत नाहीत. इतके लांब तरी कशास जावे? आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वेळास गावी, चिपळूणच्या त्याच संस्थेच्या प्रयत्नाने, २००२ सालापासून समुद्रकासवांची अंडी राखली जातात. पूर्वी ती अंडी लोक खात. आता पिले समुद्राकडे निघाली म्हणजे पाहुणे दोरीच्या अलीकडे उभे राहून ती पाहतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात, जेवतात, आणि गावाला चार पैसे मिळतात. दोरी एवढीशी असते. पण तिच्या योगाने पाहुणा, गावकरी आणि कासव या तिघांचेही साधते.

या दोरीची कल्पना आपणांस परकी वाटू नये. चैत्र पौर्णिमेला जोतिबावर लाखो यात्रेकरू लोटतात. त्या सर्वांना गाभाऱ्यात जाता येणे शक्य नसते. कोणी सभामंडपातून मुखदर्शन घेतो. कोणाला तेवढेही साधत नाही, तो दूरवरून कळसाकडे पाहून हात जोडतो, गुलाल-खोबरे उधळतो, ‘चांगभलं’ म्हणतो आणि घरी जातो. त्याची यात्रा अपुरी राहिली, असे त्याला कोणी सांगत नाही. कळसदर्शनाने यात्रा पावते, हे आपल्या आजीपणजीने आपणांस शिकविले. देवाच्या बाबतीत ज्या समाजाला हा विवेक साधला, त्याला पाकोळीच्या आणि सुरयाच्या बाबतीत तो साधू नये, असे मानण्याचे कारण दिसत नाही. खडकापासून अंतर राखून, यंत्र बंद करून, दुर्बीण डोळ्यांस लावून घेतलेले दर्शन हेच येथे खरे दर्शन. कारण त्यात पक्षी जसा असतो तसा दिसतो, आपल्या भीतीने उठलेला दिसत नाही.

शेवटी एका व्यावहारिक गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. होडीचा तांडेल हा गरीब मनुष्य असतो. त्याला समुद्र आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक कळतो, आणि कोणत्या महिन्यात कोणत्या खडकावर अंडी आहेत, हेही बहुधा ठाऊक असते. तो होडी खडकाला नेऊन भिडवितो किंवा डॉल्फिनच्या पाठीस लागतो, तो स्वतःच्या हौसेने नव्हे. मागे बसलेले गिऱ्हाईक ‘अजून जरा जवळ घ्या’ असे म्हणते म्हणून. जवळ न नेणाऱ्याची होडी उद्या रिकामी राहील, अशी त्याला धास्ती असते. म्हणजे या प्रश्नाची निम्मी किल्ली सरकारच्या हाती असली, तरी निम्मी आपल्या हाती आहे. येत्या सुटीत आपण कोकणात उतराल, होडीत बसाल, तेव्हा भाडे ठरविण्याच्या वेळीच त्याला सांगून ठेवा: ‘तांडेल, विणीच्या दिवसांत खडकावर उतरावयाचे नाही. डॉल्फिन दिसले की होडी दुरूनच थांबवा. काही दिसले नाही तरी चालेल. ठरलेले पैसे पुरे देऊ.’ आणि मग ते पैसे खरोखरच पुरे द्या.